तबकडी आणि तिचे घर

गोमंतकातील जुनी घरे आज ज्या वेगाने हस्तांतरित होत आहेत, त्याची चर्चा जमिनीच्या भावाच्या, परप्रांतीय खरेदीदारांच्या आणि मोपाच्या विमानतळानंतर पेडणे तालुक्यात आलेल्या तेजीच्या संदर्भात पुष्कळ होते; परंतु घर विकले गेल्यावर त्या घरातील जंगम वस्तूंचे पुढे काय होते, हा प्रश्न ना निबंधकाच्या दप्तरात उमटतो, ना एक-चौदाच्या उताऱ्यावर, आणि जे दप्तरात नाही ते आपल्याकडे सहसा सार्वजनिक विचाराचाही विषय होत नाही. देव्हाऱ्यातील मूर्तींना वारस मिळतो, तांब्यापितळेच्या भांड्यांची वाटणी होते, शिसवी पलंग आणि खुर्च्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात. ग्रामोफोनच्या पितळी कर्ण्यालाही वजनावर का होईना, पण किंमत येते. यांपैकी कोणताच आश्रय ज्या वस्तूला लाभत नाही, ती म्हणजे माळ्यावरच्या पेटीत, जीर्ण कागदी पाकिटांत, एकावर एक रचून ठेवलेल्या लाखेच्या काळ्या तबकड्या. त्या वितळवून त्यांचे काही करावे अशी सोय भंगारवाल्यापाशी नसते. त्या फुटतात, आणि फुटल्या की अंगणाच्या कोपऱ्यात किंवा माडाच्या आळ्यात जातात.

या तबकड्यांचा शोध ही मूठभर हौशी संग्राहकांची खासगी बाब राहू नये, ती गोमंतकातील कुटुंबांची सुट्टीच्या दिवसाची वहिवाट व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि हे मत केवळ जुन्या गाण्याच्या प्रेमापोटी बनलेले नसून, हे काम एकट्या संग्राहकापेक्षा कुटुंबालाच अधिक चांगले साधते, या अनुभवावर ते आधारलेले आहे.

सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह कोठे जावे, असा विचार करणाऱ्या कुटुंबाने डिचोली तालुक्यातील नार्वे या गावाची वाट धरावी. दिवाडी बेटावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की आपण नार्व्याच्या काठाला लागतो, आणि थोड्याच अंतरावर, दाट झाडीच्या कुशीत, श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय दिसते. कदंब राजांचे हे आराध्यदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने दिवाडीवरील देवालयाचा विध्वंस केल्यावर तेथील शिवलिंग भाविकांनी नदीपार, त्या वेळी परक्या अमलाच्या बाहेर असलेल्या या गावात आणले, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याच्यासाठी देवालय उभे राहू लागले. अलीकडेच या वास्तूचा जीर्णोद्धार होऊन २०२३ साली ती पुन्हा भाविकांसाठी खुली झाली. गोकुळाष्टमीला येथे स्नानासाठी व दर्शनासाठी मोठी यात्रा भरते. एरवी मात्र गाव निवांत असते. दर्शन घेऊन मयेच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना पोफळींच्या बागा आणि त्यांच्या आड कौलारू घरे दिसू लागतात. माझ्या मते खरी सहल येथून पुढे सुरू होते. या घरांपैकी एखादे आपल्या मावशीच्या सासरचे असते, एखादे शाळासोबत्याचे, एखादे वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याचे. आणि गोमंतकातील घरी दुपारी गेलेल्या पाहुण्याला चहा घेतल्यावाचून कोणी उठू देत नाही. त्या चहाबरोबर, मुलांदेखत, घरातील वडीलधाऱ्या बाईला एकच प्रश्न विचारावा: तुमच्या घरी पूर्वी फोनो होता का?

या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी तबकडीने गोमंतकात नेमके काय आणले, हे आठवले पाहिजे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले, तेथपासून हिंदुस्थानी संगीताच्या व्यापारी ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगितला जातो. आरंभी येथे मुद्रित झालेले गाणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे तबकडीवर उतरून परत येत असे. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकडी स्वदेशात तयार होऊ लागली. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सवातीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. तासभर विस्तारणारा ख्याल तीन मिनिटांत आणणे ही गायकाची कठोर परीक्षा होती. कित्येकांनी ती नाकारली, कित्येक त्या परीक्षेस बसण्यापूर्वीच निवर्तले. अल्लादिया खाँसाहेबांचा आणि भास्करबुवा बखल्यांचा आवाज आज आपल्यापाशी नाही. त्यांच्याविषयी जे काही आपण जाणतो ते शिष्यांच्या मुखातून आणि आठवणींच्या लेखनातून. गाणे ते गेलेच.

गोमंतकाच्या दृष्टीने मात्र तबकडीचे महत्त्व याहून वेगळे आहे, आणि ते पुरेशा स्पष्टतेने कोणी मांडलेले माझ्या वाचनात नाही. देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया विद्येसाठी, उदरनिर्वाहासाठी आणि गावातील प्रतिष्ठेच्या जाचातून सुटण्यासाठी मुंबई, कोल्हापूर, सांगली, पुणे येथे गेल्या. ज्या गावाने त्यांना जन्म दिला, त्या गावातील सभ्य म्हणविणाऱ्या घरांच्या ओसरीवर त्यांना मानाने बसवून त्यांचे गाणे ऐकण्याची रीत नव्हती, आणि त्या घरांतील स्त्रियांना तर बैठकीत बसण्याचीही मुभा नव्हती. परंतु तबकडीला उंबरठ्याचा अटकाव झाला नाही. भाटकाराच्या माडीवर फोनो आला, चावी दिली गेली, पिन टेकली, आणि आतल्या दाराशी उभ्या राहिलेल्या सुनांनी त्या गावाबाहेर गेलेल्या स्त्रियांचे गाणे त्यांच्याच गावात बसून ऐकले. गोमंतकाने आपल्या गायिकांना गमावले आणि तबकडीच्या रूपाने त्यांचा आवाज परत मिळविला, असे मी मानतो. म्हणून नार्व्यातील किंवा पेडण्यातील घरात सापडलेली तबकडी आणि मुंबईच्या चोरबाजारात मिळालेली तीच तबकडी, या दोन्हींवर गाणे एकच असले, तरी त्यांची योग्यता सारखी नाही.

केसरबाई केरकर यांचेच पाहा. १८९२ साली फोंडे तालुक्यातील केरी गावी त्यांचा जन्म झाला. बालपणी काही काळ कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी शिक्षण झाले. गोमंतकात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे आपल्या डिचोलीतील लामगावच्या मुक्कामी येत, तेव्हा केसरबाईंनी त्यांच्याकडून विद्या घेतली. आणि पुढे मुंबईस जाऊन १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत चालविली. त्यांच्या तबकड्या संख्येने थोड्या आहेत. त्यांपैकी भैरवीची एक चीज १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर ठेवलेल्या सोनेरी मुलाम्याच्या तबकडीत समाविष्ट झाली. ऑगस्टच्या २० तारखेस एक आणि सप्टेंबरच्या ५ तारखेस दुसरे, अशी ती याने निघाली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. मानवाने घडविलेल्या वस्तूंपैकी पृथ्वीपासून सर्वांत दूर गेलेल्या वस्तूवर आज एका गोमंतकीय स्त्रीचा आवाज आहे, ही गोष्ट आपण सभासमारंभांतून अभिमानाने सांगतो. ती सांगावीच. परंतु लामगाव ते नार्वे हे अंतर वाहनाने अल्पावधीचे आहे, आणि त्या टापूतील घरांत त्याच बाईंच्या तबकड्या कोठे, किती आणि कोणत्या स्थितीत आहेत, याची यादी आपण केलेली नाही, याची खंतही त्याच समारंभांत बोलून दाखविली जावी.

मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ सालचा, सांगे तालुक्यातील कुर्डी गावचा. साळावली धरणाच्या जलाशयात ते गाव बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याची जोती आणि देवळांचे अवशेष उघडे पडतात, आणि विस्थापित झालेली कुटुंबे तेथे जमतात. मोगूबाईंनी तबकड्या मोजक्याच दिल्या. ज्यांचे घरच पाण्याखाली गेले अशा कुटुंबांनी पुनर्वसनाच्या वेळी सामान बांधताना काय बरोबर घेतले आणि काय मागे टाकले, हे विचारावयास हवे होते, अद्यापही विचारता येईल. त्या पिढीतील माणसे अजून आहेत. पेडणे तालुक्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर १८८३ साली जन्मल्या, राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी त्या बसल्या, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांच्या तालमीत तयार झाल्या, ऐन बहरात १९२३ साली त्यांनी जाहीर गायन सोडले आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांच्या शिष्यवर्गात श्रीमतीबाई नार्वेकर हे नाव येते. केरी, कुर्डी, मालपे, नार्वे: तबकड्यांच्या कागदी चकत्या आणि जुन्या बैठकींच्या याद्या वाचीत गेले, तर गोमंतकाचा अर्धा नकाशा त्यांत हाती लागतो. पुरुषांची नावे यांत आणखी भर घालतात. मंगेशीच्या दीनानाथांची नाट्यगीते तर ज्या घरी फोनो होता तेथे सहसा असतच, आणि वापरून वापरून त्यांच्या चऱ्या पांढऱ्या पडलेल्या असतात. तो पांढरेपणा मला अप्रिय वाटत नाही, कारण गाणे किती वेळा आणि किती आवडीने ऐकले गेले, याची ती खूण असते.

आता कुटुंबाकडे वळतो. एकटा संग्राहक गावात आला की तो गिऱ्हाईक म्हणून येतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना घरातील माणसे सावध असतात. वस्तूचे मोल किती, तो किती देईल, आपण फसविले तर जाणार नाही ना, हे विचार संभाषणाच्या आरंभीच मध्ये येऊन बसतात. आणि त्यात काही वावगे नाही, कारण गोमंतकातील घरांना अशा मंडळींचा अनुभव पुष्कळ आहे. तेच एखादे कुटुंब लहान मुलांसह ओसरीवर येऊन बसले की बोलणे नात्यागोत्यावर जाते, तेथून जुन्या दिवसांवर, आणि मग घरातील आजी आपण होऊन नातवाला माळ्यावर चढविते. पेटी खाली येते. एकेक तबकडी पुसून हाती देताना आजी जे बोलते, ते कोणत्याही सूचीत नसते: ही माझ्या सासऱ्यांनी मुंबईहून आणली, ही आमच्या थोरलीच्या लग्नात लावली, ही लावली की शेजारची अमकी येऊन दारात बसायची, या बाईंना आमच्या सासूबाईंनी देवळात गाताना ऐकले होते. तबकडीच्या चकतीवर कंपनीचे नाव, क्रमांक, गायिका आणि राग एवढेच असते. ती या घरात का आली, कोणी ऐकली आणि ऐकून त्यांना काय वाटले, हे केवळ घरच सांगू शकते. तबकडी विकत घेऊन निघून जाणाऱ्याच्या हाती हा अर्धा भाग कधीच येत नाही.

मुलांच्या दृष्टीनेही हे शिक्षण अमूल्य आहे, आणि त्यात काम प्रत्येकाला मिळते. ज्याचे अक्षर चांगले त्याने वही धरावी आणि तीत कंपनी, क्रमांक, गाणाऱ्याचे नाव, राग अथवा नाटक, घर, गाव आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत असे रकाने आखावे. ज्याची दृष्टी तीक्ष्ण त्याने तबकडी उजेडाकडे तिरकी धरून चऱ्या संपतात तेथील गुळगुळीत पट्टीवर कोरलेले बारीक आकडे वाचावे, कारण चकती फाटली किंवा झिजली तरी त्या आकड्यांवरून मुद्रण ओळखता येते. हिज मास्टर्स व्हॉइसची कुत्रा छाप तबकडी सर्वांच्या ओळखीची. परंतु कोलंबिया, ओडियन, ब्रॉडकास्ट आणि मुंबईची यंग इंडिया या छापांच्या तबकड्याही गोमंतकातील घरांत येत, आणि दुर्मीळ गाणे पुष्कळदा या कमी ओळखीच्या छापांवर असते. वडीलधाऱ्यांनी ऐकावे आणि ओळखावे. मोबाइलवर बोट फिरवून गाणे मिळवणाऱ्या मुलाने चावी दिलेल्या यंत्राची तबकडी फिरताना, पिनेची खरखर आधी आणि आवाज मागाहून येताना एकदा पाहिले, म्हणजे गाणे ही कोणीतरी कोठेतरी बसून केलेली आणि कष्टाने जतन झालेली वस्तू आहे, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

केवळ भाटकारांच्या माड्यांपुरता हा शोध मर्यादित ठेवू नये. लग्नमुंजीला, जत्रेला आणि सत्यनारायणाच्या पूजेला ध्वनिक्षेपक भाड्याने देणारी मंडळी तालुक्यातालुक्यांत होती, आणि त्यांच्यापाशी लाखेच्या तबकड्यांपासून नंतरच्या विनाइलच्या लहानमोठ्या रेकॉर्डपर्यंत मोठे साठे असत. कॅसेट आली तेव्हा ते साठे कोठीत गेले. नाट्यगीते, भजने, हिंदी चित्रपटांतील गाणी यांच्याबरोबरच ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोकणी गाणी, आल्फ्रेड रोझ यांची गाणी आणि तियात्रांतील कांतारे त्यांच्याकडे निघतात. बार्देशातील आणि तिसवाडीतील ख्रिस्ती घरांत तर ती हमखास. मराठी वाचकाने हे आपले नव्हे असे समजून बाजूला सारू नये. एकाच जत्रेत, एकाच भोंग्यातून, एकामागून एक वाजलेल्या या तबकड्या आहेत, आणि गोमंतकाच्या श्रवणाचा इतिहास लिहावयाचा तर तो भाषावार तुकडे पाडून लिहिता येणार नाही.

बाजाराविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि हणजुणेचा बुधवारचा बाजार येथे जुन्या वस्तूंत रेकॉर्ड आढळतात. किनारपट्टीवर तर जुन्या सामानाची स्वतंत्र दुकानेच निघाली आहेत. विनाइलची आवड जगभर पुन्हा वाढली आहे, आणि २०२२ साली अमेरिकेत विनाइल रेकॉर्डचा खप, नगांच्या हिशेबाने, सीडीपेक्षा अधिक झाला. तरुण पिढी दोन्ही हातांनी उचलून ठेवावयाच्या, पाठ उलटावयाच्या गाण्याकडे वळते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु याच आवडीची एक विकृत शाखा आहे, तिचा निषेध केल्यावाचून राहवत नाही. तबकडीला मध्ये काटे बसवून तिचे घड्याळ करणे, ती गरम करून तिची वाटी वळणे, किंवा उपाहारगृहाच्या भिंतीवर ती खिळ्याने ठोकणे, हा अपराध आहे. ज्याने ती वस्तू कधी ऐकली नाही तोच तो करू धजतो. तसेच चकचकीत पितळी कर्ण्याचे, जुने म्हणून विकले जाणारे पुष्कळसे ग्रामोफोन नव्याने जुळविलेले असतात. त्यांच्या जड भुजेखाली आणि बोथट पिनेखाली जुनी तबकडी ठेवणे म्हणजे तिच्या चऱ्या नांगरणे होय. लोखंडी पिन दर बाजूस बदलावयाची असते, हा जुन्या घरांत लहान मुलासही ठाऊक असलेला नियम आज दुकानदारासही ठाऊक नसतो.

जतनाचे नियम थोडे आहेत आणि आमच्या हवेत ते पाळलेच पाहिजेत. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. स्वच्छ पाणी, किंचित सौम्य साबण आणि मऊ फडके पुरे, तेही मधली कागदी चकती न भिजविता. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. कौलांच्या लगत माळ्यावर उन्हाळ्याची धग लागून विनाइल वाकडे होते, पावसाळ्याच्या दमटपणाने त्यावर बुरशी चढते आणि पाकिटे वाळवी खाते; म्हणून खालच्या मजल्यावर, भिंतीपासून दूर, हवेशीर कपाटात त्यांना जागा द्यावी.

यावर कोणी म्हणेल की, आता सारे गाणे इंटरनेटवर आहे, मग हा खटाटोप कशासाठी? जे तेथे आहे ते कोणीतरी आपल्या घरची तबकडी जपली, पुसली, वाजवली आणि उतरून ठेवली म्हणून आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने, सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या परिश्रमाने, सूची, नियतकालिक आणि श्रवणसभा यांच्या द्वारे या विषयाला शिस्त लावली. अशा कामातूनच आज आपल्याला बोटाच्या टोकावर जुने आवाज मिळतात. त्या कामाला गोमंतकाच्या खेड्यांतून पुरवणी मिळाली पाहिजे. प्रसिद्ध गायकांची प्रसिद्ध गाणी सुरक्षित आहेत. ज्यांनी दोनच तबकड्या दिल्या आणि ज्यांचे नाव त्यांच्या गावाबाहेर कोणी घेतले नाही, त्यांच्याविषयी मला चिंता वाटते.

यापेक्षा गंभीर आक्षेप मी स्वतःच उपस्थित करतो. शोधाच्या नावाखाली गावच्या घरांतून वस्तू कवडीमोलाने उचलून नेल्या, तर आपल्यात आणि व्यापाऱ्यात अंतर ते काय राहिले? म्हणून माझा दंडक असा की, बाजारात आलेली तबकडी अवश्य विकत घ्यावी, कारण तिचे घर आधीच सुटलेले असते. परंतु जी अद्याप आपल्या घरी आहे, ती घरच्यांनी आग्रहाने दिल्यावाचून उचलू नये. तिची नोंद घ्यावी, चकतीचे छायाचित्र काढावे, गाणे उतरून घ्यावे, तिला नवे पाकीट घालून द्यावे आणि उतरलेल्या गाण्याची प्रत घरच्यांच्या हाती ठेवावी. संध्याकाळी मोकळ्या हातांनी आणि भरलेल्या वहीने परतलेले कुटुंब मी यशस्वी समजतो. संग्राहकांना हे कदाचित रुचणार नाही. परंतु शेकडो तबकड्या एका माणसाच्या कपाटात गेल्या आणि त्या माणसामागे त्या कोणाला नकोशा झाल्या, ही घटना काही दुर्मीळ नव्हे. त्याहून त्या शंभर घरांत राहिल्या आणि त्यांची यादी एका ठिकाणी राहिली, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

ती यादी कोणी ठेवावी? पणजीच्या कला अकादमीत सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाने संगीत समारोह होत आला आहे, आणि पणजीचेच मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनची परंपरा सांगते. या दोन संस्थांनी मिळून तालुकावार ध्वनिखानेसुमारी हाती घ्यावी. पहिले तालुके डिचोली आणि पेडणे असावेत, कारण खाणींनी आणि जमिनीच्या व्यवहारांनी येथील वस्तीची उलथापालथ सर्वाधिक झाली आहे. शाळा आणि ग्रामपंचायतींच्या वाचनालयांना छापील तक्ते द्यावेत, आणि तबकडीवरून गाणे उतरविण्याचे चांगले यंत्र व ते चालविणारा माणूस महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी बसवावा. कायद्याची अडचण लोक समजतात तेवढी मोठी नाही. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यान्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चालतो. ७८ फेऱ्यांच्या काळातील बहुतेक सारे मुद्रण ही मुदत ओलांडून गेले आहे. शब्दांचा आणि चालीचा हक्क निराळा असतो, त्याची रुजुवात प्रत्येक बाबतीत करावी लागेल; पण नोंद करण्यास, जपण्यास आणि घरोघर ऐकण्यास कोणाची आडकाठी नाही.

सरकार हे करील तेव्हा करो. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. चवथीला आपण सारे मूळ घरी जमतो. मुंबई-पुण्याचे भाऊ येतात, सासरी गेलेल्या बहिणी येतात, माटोळीचे सामान आणि मोठी भांडी काढण्यासाठी माळा उघडला जातो. वर्षातून एकदाच सारे वारस आणि सारी पेटी एका छपराखाली असतात. या चवथीला माळ्यावर चढलेल्या मुलाला तबकड्यांची पेटीही खाली आणावयास सांगा, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला तिच्याजवळ बसवा, वही उघडा, आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्या.